बाकीचे तिघे

आमच्या गावाच्या कडेने जो मोठा रस्ता जातो, त्याला हल्ली राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ म्हणतात. आम्ही विद्यार्थी होतो तेव्हा त्याचा क्रमांक ७ होता, आणि तो वाराणसीहून निघून कन्याकुमारीस पोचतो हे भूगोलाच्या तासाला उभे राहून सांगावे लागे. पुढे क्रमांक बदलला, रस्ता चौपदरी झाला, २०१६ साली आमच्या एका आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. परंतु उत्तरेकडे तोंड करून निघाले की गावांचा क्रम अजून तोच लागतो. पैनगंगा ओलांडावी, पांढरकवडा, हिंगणघाट, नागपूर, सिवनी, जबलपूर, रीवा करीत काशीस जावे, तेथून गोरखपूर आणि गोरखपूरच्या पुढे सोनौली. सोनौलीच्या पलीकडे नेपाळ. हिशेब केला तर आमच्या वेशीपासून परदेश सुमारे साडेबाराशे किलोमीटरांवर आहे, आणि तेथे जाण्यास भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. पारपत्र किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र पुरते.

हा हिशेब आम्ही कधी केला नव्हता. तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने केला आणि तो सायकलवर बसून निघूनही गेला, ही वार्ता आम्हांस त्याच्या वडिलांकडून कळली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी होऊन आठवडा झाला असेल. दहावीच्या परीक्षेची धांदल चालू होती. सरकी आणि कापसाचे तंतू अंगावर तसेच घेऊन हे गृहस्थ जिनिंगमधून थेट शाळेत आले. बसा म्हटले तरी बसले नाहीत.

"गुर्जी, पोरगं सायकलवर नेपाळले गेलं. चिठ्ठी ठिवून गेलं. त्याले तुमीच सांगतलं होतं नं, मुंबईचे पोट्टे सायकलवर दुनिया फिरून आले म्हून?"

होय, आम्हीच सांगितले होते. शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात ती गोष्ट आम्ही दरवर्षी सांगत असू. त्या वेळी आमचा आवाज नेहमीपेक्षा चढतो असे सहकारी शिक्षकांचे मत आहे. ज्या वाचकांना ती ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबातील सहा पारशी तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सायकलींवरून जगप्रवासास निघाले. पंजाब, बलुचिस्तान, इराण करीत ते बगदादला गेले. बगदादपासून अलेप्पोपर्यंतचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत तुडविले. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, सयाम, ब्रह्मदेश. सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटरांचा प्रवास करून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईस परतले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा ही त्यांची नावे. त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाला पंडित जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे. एवढे सांगून आम्ही टाळ्यांसाठी थांबत असू, आणि टाळ्या पडत.

चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल की निघाले सहा आणि नावे आली तीन. आमच्या वर्गात ते कधी कोणाच्या ध्यानात आले नाही, किंवा आले असल्यास मुख्याध्यापकांना विचारण्याचे धैर्य कोणाला झाले नाही.

मुलगा बावीस वर्षांचा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करी. कोणाची तरी जुनी गिअरची सायकल त्याने साडेचार हजारांना घेतली होती. एका दिवसात तीस किलोमीटरांच्या वर त्याने जन्मात सायकल चालविली नव्हती. पहिल्याच दिवशी तो हिंगणघाटास जाऊन पोचला, म्हणजे एकशेवीस किलोमीटरांच्या आसपास, आणि तेही विदर्भातल्या मार्च महिन्याच्या उन्हात. दुसऱ्या दिवशी नागपूर. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखू लागला, तो त्याने रुमालाने बांधला. नागपूरच्या उत्तरेस मध्यप्रदेशाची हद्द ओलांडली की पेंचचे जंगल लागते. खालून जनावरांना जाता यावे म्हणून तेथे रस्ता जागोजागी खांबांवर उचलून घेतला आहे. त्यानंतर कुरईचा घाट. त्या घाटात चौथ्या दिवशी त्याला पाय उचलेनासा झाला. एका ट्रकवाल्याने त्याला सायकलीसह सिवनीस नेऊन सोडले. तेथून तो बसने नागपूरला मावशीकडे आला आणि घरी तोंड कसे दाखवावे या लाजेने चार दिवस तेथेच दडून राहिला. मावशीने पहिल्याच रात्री त्याच्या घरी फोन केला होता, हे त्याला पुष्कळ दिवसांनी कळले.

परतल्यावर पहिल्या रविवारी तो लंगडत आमच्या घरी आला. चहा झाला. आम्ही, शिक्षकाच्या सवयीने, प्रयत्न करणाऱ्याचा गौरव वगैरे दोन वाक्ये बोललो. ती त्याने खाली मान घालून ऐकून घेतली. मग म्हणाला, "सर, त्या मुंबईच्या सहांपैकी तिघे परत आले. बाकीच्या तिघांचं काय झालं? तुम्ही ते कधी सांगितलंच नाही."

आम्हांस ते ठाऊक होते. वाचलेले होते. नरिमन कपाडिया तेहरानपर्यंत जाऊन काही घरगुती कारणाने परत फिरले. गुस्ताद हातिराम अमेरिकेत पोचले आणि तेथेच राहिले. मित्र सोडून गेल्याने मन उतरलेले केकी पोचखानवाला तेथून मुंबईस परतले. म्हणजे कोणी मेले नाही, कोणी लुटले गेले नाही. तिघांनी तीन कारणांनी प्रवास थांबविला एवढेच. परंतु वीस वर्षे आम्ही ही तीन नावे गाळून गोष्ट सांगत आलो, कारण त्यांनी गोष्टीचा जोर कमी होतो असे आम्हांस वाटे. मुंबईहून सायकलवर तेहरान गाठणारा माणूस आमच्या हिशेबी अपयशी ठरला होता! सिवनीहून परत आलेल्या मुलाने त्या हिशेबात स्वतःला कोठे बसवावे? चार दिवस मावशीकडे तो जे भोगत होता, त्यातला काही वाटा आमचा होता, हे त्या संध्याकाळी आम्हांस स्वच्छ दिसले. त्याला तसे आम्ही बोलून दाखविले नाही. मुख्याध्यापकांना ते जड जाते.

त्याऐवजी आम्ही त्याला दुसरी एक गोष्ट सांगितली. १८९४ च्या जून महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहरातून अॅनी कोपचोव्स्की नावाची तीन मुलांची आई सायकलवर जगप्रदक्षिणेस निघाली. निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत ती सायकलवर बसलेली नव्हती. लंडनडेरी नावाच्या पाण्याच्या कंपनीने शंभर डॉलर दिले, म्हणून तिने आडनावही तेच लावले. सायकल एकोणीस किलोंची आणि अंगात पायघोळ झगा. शिकागोस पोचेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि बाईंचे वजन नऊ किलोंनी उतरले. पश्चिमेकडचा हिवाळा पुढे उभा होता. तेथे तिने काय केले? ती जड सायकल सोडून जवळजवळ निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, झग्याच्या जागी तुमान चढविली आणि पुढे न जाता उलट वळून न्यूयॉर्क गाठले. तेथून बोटीने फ्रान्स. सप्टेंबर १८९५ मध्ये ती शिकागोस परत आली. बराच प्रवास तिने बोटीने केला आणि हिंदुस्थानात वाघांची शिकार केल्याच्या थापाही मारल्या, ते असो. पण शिकागोस वळली नसती तर बाई हिवाळ्यात अडकल्या असत्या.

मुलाने ऐकले आणि विचारले, "सर, माझ्या सायकलचं वजन किती असेल?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ती सायकल आणि तिच्यावर लादलेले सामान घेऊन किराणा दुकानाच्या काट्यावर गेलो. सामान साडेअठरा किलो भरले. त्यात चार जाड विजारी होत्या, ट्रकच्या कामाचा एक लोखंडी पाना होता, छोटी गॅसची शेगडी होती, आणि सीमेवर फडकविण्यासाठी दांडीसकट राष्ट्रध्वज होता. हे सगळे मागच्या कॅरिअरवर. हँडलवर काही नाही. सायकल मिस्त्री आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी सामानाकडे पाहिलेच नाही. मुलाला शीटवर बसविले, टाच पायडलवर ठेवायला लावली आणि पायडल अगदी खाली नेले. गुडघा चांगलाच वाकलेला राहिला. "टाच ठेवली तर पाय सरळ व्हायला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "मग पंजा ठेवल्यावर जरासाच वाकतो. शीट तीन बोटं खाली आहे. त्यात पोरगा जड गिअरवर दाबून मारत गेला. गुडघा समोरून दुखला ना?" समोरूनच दुखला होता. शीट फार उंच असती तर मागून दुखला असता, अशीही माहिती त्यांनी दिली. तीन बोटे! सव्वातीनशे किलोमीटरांनंतर जो गुडघा गेला, तो वस्तुतः आदिलाबादेतच गेलेला होता.

येथे वाचकांना वाटेल की आम्ही सायकलीतले जाणकार झालो. तसे झाले असते तर बरे होते. पहिल्या नेमणुकीच्या गावी रोज नऊ किलोमीटर जाऊन येऊन आम्ही सायकल चालविली आहे, आणि त्या भांडवलावर त्या श्रावणात एका रविवारी मुलाबरोबर पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन येण्याचे आम्ही जाहीर केले. वीसेक किलोमीटर जाणे, तितकेच येणे. घरातून सूचना झाली, "अहो, निवृत्तीला थोडी वर्षं राहिली आहेत, तेवढी तरी स्वतःच्या पायांवर काढा." आम्ही हसलो. जाताना सायकल पाण्यासारखी वाहत होती. कापसाची शेते दोन्ही बाजूंना हिरवी, आभाळ दाटलेले, आणि आपण अजून तरुण आहोत याविषयी आमची खात्री पटत चाललेली. बाराव्या किलोमीटरला मुलगा म्हणाला, "सर, वळूया." आम्ही म्हटले, "अरे, पूल दिसायला लागेल आता." पूल दिसला. पुलावर उभे राहून पलीकडचा महाराष्ट्र पाहिला आणि सायकल वळविली, तेव्हा छातीवर कोणी हात ठेवून ढकलावे तसा वारा लागला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो हे आम्ही भूगोल शिकविताना शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आहे. आपण उत्तरेस इतक्या सुखाने का चाललो आहो याचा मात्र विचार मनात आला नाही. सहा किलोमीटरांनंतर आमच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले आणि खताची पोती नेणाऱ्या एका टेम्पोत, पोत्यांवर बसून, आम्ही गावात प्रवेश केला. बसस्टँडजवळ तीन आजी आणि पाच माजी विद्यार्थ्यांनी नमस्कार केला.

मुलगा त्यावर काहीच बोलला नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने वहीत एक रकाना वाढविला: वारा.

वही म्हणजे त्याचा सराव. आठवड्यातून तीन दिवस पहाटे, आणि अंतर थोडे थोडे वाढवीत. निर्मळच्या वाटेवरच्या महबूब घाटात तो हलक्या गिअरवर भरभर पाय मारीत चढायला शिकला. तहान लागण्याआधी पाणी आणि भूक लागण्याआधी चिक्की, हे त्याने स्वतःच्या चुकांवरून ठरविले. मोबाइलवर त्याने आम्हांस पुण्याची वेदांगी कुलकर्णी दाखविली. जुलै २०१८ मध्ये पर्थहून निघून १५९ दिवसांत चौदा देशांतून सुमारे एकोणतीस हजार किलोमीटर करून ही विशीतली मुलगी डिसेंबरात कोलकात्यास पोचली. कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले. "सर, हे सगळे सांगतात," मुलगा म्हणाला. "पण तिची तयारी दोन वर्षं चालली होती, ते शेवटी एका ओळीत असतं." आमच्या शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी अमेरिका आडवी ओलांडण्याची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत २०१७ साली एकट्याने पुरी केली, हेही त्याला माहीत होते. आणि त्या शर्यतीत एकट्याच्या मागेही मोटार आणि माणसे असतात, हेसुद्धा.

खरे तर लांबच्या वाटेचे हे शास्त्र आमच्या जिल्ह्याला नवे नाही. केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेपूर्वी मेश्राम कुळातील गोंड मंडळी अनवाणी चालत जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्यांची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, बरोबर वडीलधारी माणसे. आज किती चालायचे हे तेथे कोणा एकाच्या हौसेवर सोडलेले नसते. मुलाचे गाव त्याच वाटेवरचे, आणि आम्ही मात्र त्याला उदाहरण द्यायला मुंबईपर्यंत गेलो होतो.

दसरा झाल्यावर वडील पुन्हा शाळेत आले. या वेळी बसले.

"गुर्जी, तो पुन्हा जातो म्हनते. या खेपेले विचारून जाते, हे खरं हाय. तुमी म्हना जा म्हून, तं मी जाऊ देतो. तुमचा शबुद पाह्यजे."

वाचकहो, एवढ्या वर्षांच्या नोकरीत आम्ही हजारो दाखल्यांवर सह्या केल्या असतील. हा एक शब्द आमच्याने उच्चारवेना. रीव्याच्या पुढचे ट्रक, उत्तरप्रदेशातले थंडीचे धुके, आणि एकुलता एक मुलगा. 'जा' म्हणावे तर हमी कोणत्या तोंडाने द्यावी, आणि 'जाऊ नको' म्हणावे तर वीस वर्षे टाळ्या कशाबद्दल घेतल्या? आम्ही एक दिवसाची मुदत मागितली. रात्री झोप लागली नाही. सकाळी त्या दोघांना घरी बोलावून सांगितले की आमचा शब्द या कामात चालत नाही. आम्ही पैनगंगेहून टेम्पोत परत आलेले मास्तर आहोत. मुलानेच वडिलांना शब्द द्यावा, आणि तो पोचण्याचा नसावा, परतण्याचा असावा.

मग त्या दोघांनी आमच्या ओसरीवर बसून जे ठरविले ते आम्ही केवळ ऐकले. नागपूर, जबलपूर, काशी आणि गोरखपूर येथे एकेक दिवस थांबायचे आणि पुढे जायचे की नाही हे तेथे ठरवायचे. यांपैकी कोठूनही परतला तर घरात कोणी 'काहून आला' म्हणून विचारणार नाही. दिवस मावळण्यापूर्वी मुक्काम आणि मुक्कामावरून फोन. परतीच्या तिकिटाचे तीन हजार रुपये आई वेगळे शिवून देईल आणि त्यांना उपाशी राहिला तरी हात लावायचा नाही. ही शेवटची अट ऐकून आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "उपाशी राहू नोको. पैसे खर्च कर आन् घरी ये." अट दुरुस्त करण्यात आली.

दिवाळीनंतर तो निघाला. सामान सात किलो. राष्ट्रध्वज नव्हता, निवडणूक आयोगाचे ओळखपत्र होते. आम्ही बायपासपर्यंत गेलो होतो. वडिलांनी सायकलला हळद-कुंकू लावले, चाकाखाली लिंबू ठेवले आणि मग ट्यूबमधली हवा तीनतीनदा दाबून पाहिली.

तो गेल्यावर शाळेत आमची गोष्ट सांगण्याचा योग आला. प्रसंग होता बालदिनाचा. त्या दिवशी आम्ही फळ्यावर सहाही नावे लिहिली, आणि कोण कोठपर्यंत गेले ते जगाच्या नकाशावर दाखविले. गोष्ट पूर्वीइतकी रंगली नाही. टाळ्या कमी पडल्या. मात्र तास संपल्यावर आठवीतली एक मुलगी नकाशापाशी रेंगाळली आणि मुंबईपासून तेहरानपर्यंतचे अंतर वितीने मोजू लागली.

फोन रोज येत. कुरईच्या घाटात तो दोनदा उतरून चालला. जबलपूरला मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले होते ते बदलले. काशीस धुके म्हणून दोन दिवस थांबला. तेथे वडिलांनी त्याला परत ये म्हटले नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांनी स्वतः येऊन सांगितली. एकोणिसाव्या दिवशी सोनौली. दुसऱ्या दिवशी लुंबिनीहून त्याने मायादेवीच्या मंदिराजवळ उभ्या केलेल्या सायकलीचे छायाचित्र पाठविले आणि खाली लिहिले की येथे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे आहे.

त्याचा बेत पोखऱ्याला जाण्याचा होता. बुटवलपर्यंत सपाट, आणि बुटवलच्या पुढे एकदम डोंगर. संध्याकाळी बुटवलहून फोन आला तेव्हा योगायोगाने वडील आमच्याकडेच बसले होते.

"सर, गुडघा चांगला आहे. पण पुढचा चढ मी आज सकाळी दहा किलोमीटर जाऊन पाहिला. माझ्याने व्हायचा नाही तो. निदान या वर्षी तरी नाही. मी इथूनच वळतो."

खोटे कशाला सांगा, आमच्या जिभेवर 'अरे, एवढा गेलास, आता थोडक्यासाठी' हे वाक्य संपूर्ण तयार होते. वडील आमच्या तोंडाकडे पाहत होते.

"वारा कोणीकडचा आहे?" आम्ही विचारले.

तो मोठ्याने हसला. म्हणाला, "सर, गोरखपूरपर्यंत सायकलवर येतो. तिथून गाडीत बसतो. बाबांना सांगा, तीन हजार आहेत तसेच आहेत."